उजवीकडची बाई कापली

अन्याय झाला तो रूथबाई साळवे यांच्यावर. गेल्या वर्षी, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळची कर्जत गाडी गावातून सुटायच्या आधी. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण त्याच दुपारी गावात ग्रामसभा होती आणि माळवस्तीच्या फाट्यावर एसटीचा विनंती थांबा मागायचा ठराव तिच्यापुढे यायचा होता. ठराव आला नाही. त्याच्या आधी एक क्लिप आली. घड्याळ बघून कापलेली, घड्याळ बघून सोडलेली.

ती तुमच्याकडेही आली होती. कर्जत तालुक्यात फोन आहे आणि क्लिप आली नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. पिवळं पातळ, नाकावर घसरलेला चष्मा, मान एका बाजूला वळवलेली एक म्हातारी बाई म्हणते: "त्या माळावरच्या पोरी गाडीत चढल्या की आमच्या बायांनी काय पिशव्या छातीशी धरून बसायचं? थांबा कशाला पायजे त्यांला? चालायची सवय हाय. जल्मापास्नं चालतच आल्यात की." तुम्ही ते ऐकलंत. "शिक्षिका असून असं बोलते!" म्हणालात. वर लाल तोंडाचे बाहुले लावलेत आणि पुढे पाठवलंत.

आता त्या बाई कोण, ते ऐका. मी एरवी पत्रकं लिहिते. आमच्या संघटनेची पत्रकं कर्जतच्या स्टँडवर वाटतात आणि तिथल्याच भेळवाल्याच्या कागदात पुन्हा सापडतात. पत्रकात माणूस मावत नाही, मागणी मावते. म्हणून हे लांबलंय.

बाई श्रीरामपूरच्या. ख्रिस्ती घर, वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लहानपणी नाताळाच्या नाटकात हेरोद राजा झालेल्या मुलाला ऐन वेळी ताप आला, तेव्हा मेंढपाळ झालेल्या रूथनं राजाचंही काम केलं. डावीकडे वळून राजा, उजवीकडे वळून मेंढपाळ. "लोक हसले नाहीत," हे त्या सांगायच्या तेव्हा मान ताठ व्हायची. स्वतःच्या आवाजाचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत.

नोकरी लागली ती इकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत तालुक्यातल्या या गावात. एक खोली, सगळ्या इयत्ता एकत्र, शिक्षिका एकटी. पुस्तकातल्या धड्यात दोन माणसं बोलत असतील तर दोन्ही बाईच. डावीकडे वळल्या की दांडगाई करणारा बोलतोय. उजवीकडे वळल्या की ज्याचं कुणी ऐकत नाही तो. त्यांना आवाज बदलायचीही गरज लागत नसे, मान कुठं गेली तेवढं बघितलं की पोरांना कळायचं. एकदा एका पोरानं विचारलं, "बाई, मधोमध कोन असतं मग?"

"मधोमध बाई असते," त्या म्हणाल्या. "ती गप्प असते."

हे वाक्य गावात म्हणीसारखं झालं. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची बोलणी एकदम सुरू झाली आणि एखादा मुकाट बसलेला दिसला, की कुणीतरी म्हणायचंच: "हा बघा, मधोमधची बाई झालाय."

त्यांची दुसरी सवय त्रासदायक होती. प्रश्न विचारला की आधी 'हो' का 'नाही' ते सांगायचं. "गृहपाठ केला का?" "बाई, केलाता पन–" "पण नंतर. आधी हो का नाही." 'पण'नं सुरुवात करणाऱ्याला बाकावर उभं राहावं लागे. मोठी झालेली, टेम्पो चालवणारी, पोराबाळांची माणसं त्यांच्यासमोर आली की अजून 'पण' गिळायची. मलाही तेच. पहिल्या भेटीत मी थांब्याच्या मागणीचा कागद पुढे केला, त्यांनी तो चष्म्यावरून बघितला आणि म्हणाल्या, "हे तू लिहिलंस?"

"हो, पण घाईत–"

"पण नंतर. सगळा आवाजच आहे गं यात. वाचणाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा?"

तेव्हापासून मी त्यांची 'पत्रकवाली'. "आली का पत्रकवाली? बस. काळा चहा आहे, दूध मिळणार नाही. आणि ओरडू नकोस, शेळी बुजते."

निवृत्त झाल्यावर त्या श्रीरामपूरला परतल्या नाहीत. शाळेमागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "घरात दोन्ही बाजूंनी मीच बोलते. तिसरा कशाला?"

फोन त्यांना भाच्यानं दिला. त्यावर उभे व्हिडिओ काढून कापायला-जोडायला शिकवलं ते विकासनं. विकास म्हणजे तात्यांचा पुतण्या, आणि तात्या म्हणजे ज्यांची दूध डेअरी गावाच्या तोंडाशीच आहे ते. गावाच्या नावाचं पेज विकास चालवतो: वाढदिवस, बैल, डीजे, श्रद्धांजल्या. लहानपणी तो बाईंच्या शाळेत पहिल्या बाकावर बसायचा. बाईंनी त्याला जोडाक्षरं शिकवली, त्यानं बाईंना तुकडे जोडायला शिकवलं. हे लक्षात ठेवा.

बाईंचं चित्रीकरण म्हणजे एक सोहळा असे. पोळपाट भिंतीला उभा, त्याला कपडे वाळवायच्या चिमट्यांनी फोन धरलेला. समोर खाटेवर पांढरी चादर, म्हणजे तिच्यावरचा उजेड तोंडावर येतो. मी एकदा म्हटलं, "आडवा धरा ना, मागचं शिवारही दिसेल."

"उभा माणूस उभाच दिसला पाहिजे. आडवा कोण दिसतो? झोपलेला, नाहीतर गेलेला."

शेजारी पिठाची गिरणी. ती चालू असली की काही ऐकू येत नसे. म्हणून गावातली वीज गेली की बाकीचे वैतागायचे आणि बाई केस विंचरायला बसायच्या. वीज गेलेला गाव म्हणजे त्यांचा स्टुडिओ. गिरणी गप्प, मोटारी गप्प, विकासचा डीजेही गप्प. चुकलं की स्वतःलाच दरडावायच्या, "चल, परत." पाढे चुकल्यावर पोरांना म्हणायच्या तसंच.

मग खाटेवर बसून अंगठ्यानं कापाकापी. एक गोष्ट त्या कधी कापत नसत: बोलायच्या आधीचा श्वास. विकासनं सांगून बघितलं, "बाई, ती मधली गॅप काढा. लोकं तेवढ्यात वर सरकवत्यात."

"सरकवू देत. श्वास कापला तर माणूस बोलत नाही, रेडिओ बोलतो. आणि या माणसाचं संपलं, त्या माणसाचं सुरू झालं, हे कळणार कसं? तो श्वास म्हणजे उंबरा आहे."

सुरुवातीला त्यांनी पुष्कळ लोकांचे व्हिडिओ काढले. त्यातला एक गुणाबाईचा. माळवस्तीवर राहते गुणाबाई. कधीकाळी पालं टाकून थांबलेल्या लोकांची ती वस्ती. आता तिसरी पिढी तिथं आहे, तरी गावाच्या लेखी ते 'आलेले'च. गावात बाईंना 'तू' म्हणणारी एकटी गुणाबाई. तिची शेळी रस्त्यावर टेम्पोनं उडवली आणि टेम्पो थांबलाही नाही. बाईंनी तिचं रडणं घेतलं, श्वासासकट. त्यांच्या कुठल्याच व्हिडिओला मिळाली नव्हती इतकी माणसं त्याला मिळाली. नगरहून, पुण्याहून हळहळ आली.

पुढच्या बाजाराहून गुणाबाई थेट बाईंच्या दारात आली. बसली नाही.

"बाई, त्ये काढ."

"काय झालं?"

"कर्जतला मिरच्या घ्यायला बसले हुते. दोन पोरं आली. 'ए मावशे, रडून दाव की' म्हनाली. मिरचीवाली बी हसली."

बाईंनी तिच्यासमोर तो व्हिडिओ काढून टाकला. विकास धावत आला. "बाई, येड्या झाल्या का काय? एवढं चाललेलं कुनी काढतं व्हय?"

"रडणारं तोंड तिचं होतं, विकास. चाललं ते तिच्या तोंडावरून चाललं."

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला: यापुढे दुसऱ्या कुणाचं तोंड नाही. वस्तीवरचं दुःख सांगायचं तर आपल्या तोंडानं, गावाचा माज सांगायचा तर तोही आपल्याच तोंडानं. पडद्यावर पुन्हा शाळा भरली. डावीकडे दांडगा, उजवीकडे ज्याचं ऐकत नाहीत तो. रेशनवाला आणि म्हातारी. बँकेतला साहेब आणि अंगठेवाला. सासू-सून तर लोकांनी पाठ केल्या. कर्जतच्या स्टँडवर बायका त्यांना ओळखून हात धरायच्या, "त्या डाव्या-उजव्या बाई तुमीच ना?" आणि बाई, लाजायचं सोडून, तिथल्या तिथं मान वळवून दाखवायच्या.

आता थांब्याचं. कर्जतला जाणारी गाडी गावातून सुटते आणि माळवस्तीच्या दारावरून जाते. पण फाट्यावर थांबत नाही. थांबा मंजूर नाही. म्हणून वस्तीवरच्या पोरींनी हायस्कूलला जायचं तर आधी उलटं चालत गावात यायचं, तिथं गाडीत बसायचं आणि मग त्याच गाडीतून आपल्याच घरावरून पुढं जायचं. गुणाबाईची नात मनीषा अशीच जायची. बाईंच्या शाळेतली ती शेवटची हुशार पोर. हायस्कूलपर्यंत पोचलेली तिच्या घरातली पहिली. पावसात ती गावात पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची, आणि मग चिखलात उभं राहून तिला दिसायचं की आपली गाडी आपल्याच घराकडं चाललीय.

डेपोला गावाचा ठराव हवा होता. ठरावाला तात्यांचा होकार हवा होता, त्यांच्याशिवाय गावात हात वर होत नाहीत. आम्ही दोघी डेअरीवर गेलो. तात्या दुधाचं माप बघत होते, मान वर न करता बोलले. काय बोलले? तुम्ही ऐकलंय ते. पिशव्या छातीशी धरून, चालायची सवय, जल्मापास्नं चालतच आल्यात. शब्दन् शब्द. डेअरीवर रांगेत किटल्या घेऊन उभे असलेले हसले. मी भांडायला तोंड उघडलं, बाईंनी माझा दंड धरला. त्या ऐकत होत्या. डोळे मिटून, वडिलांची पेटी ऐकावी तसं.

रविवारी प्रार्थना आटोपून त्यांनी व्हिडिओ करायला घेतला. वीज गेलेलीच होती. डावीकडे वळून त्या तात्यांचे शब्द म्हणाल्या. मग श्वास. मग उजवीकडे वळून मनीषा झाल्या.

"व्हय मालक, चालतच आलोय. म्हनून तर पाय दुखत्यात. तुमची पिशवी तुमच्या मांडीवर ठिवा, माझं दप्तर माझ्या मांडीवर. मला फकस्त बसायला जागा द्या."

मी खाटेवर चादर धरून बसले होते. मला रडू आलं, म्हणून मी कामाचं बोलले. "बाई, डावीकडच्याला एक टोपी घाला. नाहीतर खाली लिहा, हा कोण, ती कोण."

"टोपी घातली की टोपीवाले सगळे म्हणतील, आमच्यावर बोलली. नावं लिहिली की तात्या म्हणतील, माझ्यावर बोलली. कळतं गं लोकांना. अख्खं गाव माझ्या हाताखालून गेलंय. डावं-उजवं त्यांना झोपेतही कळतं."

बरोबर होतं त्यांचं. गावाला कळतच होतं. घात तिथंच होता.

रविवारी संध्याकाळी त्यांनी तो टाकला. सोमवारी पहाटे विकासनं त्याचे तुकडे केले. उजवीकडची बाई काढून टाकली. डावीकडची तेवढी ठेवली, वाक्याला वाक्य चिकटवून. आणि मधले श्वास कापले, म्हणजे उंबरे गेले, आणि उरली एक म्हातारी, दम न खाता गरिबाच्या पोरींना घालूनपाडून बोलणारी. वर लिहिलं: 'ह्या बाईंनी पोरं घडवली?'

मी नंतर विकासला गाठलं. म्हटलं, तू पहिल्या बाकावर बसायचास. तुला माहीत नव्हतं?

"मजेत टाकलं ओ ताई," तो म्हणाला. "गावाला कळतंय की."

"आणि गावाबाहेरच्यांना?"

"त्ये काय माझ्या हातात हाय का?"

त्या सोमवारी सकाळी बाईंना मी ती क्लिप दाखवली. त्यांनी एकदाच पाहिली. रागावल्या नाहीत. "जोड चांगली जमलीय," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून माळवस्तीकडे चालू लागल्या. मी मागून.

गुणाबाई दारात वाकळ शिवत होती. आमची चाहूल लागली तरी वर बघितलं नाही. मनीषा आत होती. तिचं दप्तर खुंटीला, म्हणजे शाळेत गेली नव्हती. मी फोन पुढे केला, "मावशी, हा बघा पूर्ण व्हिडिओ–"

"त्यो फोन बाजूला ठिव," गुणाबाई म्हणाली. "फोनानं लई दावलं आमाला. बाई, तू तोंडानं सांग. तू असं बोलली का न्हाई?"

मी बाईंकडे बघितलं. जगात कुणीही इथं काय म्हटलं असतं? तुम्ही काय म्हटलं असतं? 'अगं, तसं नाही' म्हणून सुरुवात केली असती.

बाई म्हणाल्या, "बोलले."

त्यांच्या नियमात 'पण' नंतर असतो. गुणाबाई नंतरपर्यंत थांबली नाही. सुई वाकळीत खोचली, उठली आणि आत गेली. वस्तीवर दारं थोडीच, बहुतेकांना पडदे. पडदा पडला. पडद्यामागं मनीषाचं काहीतरी पुटपुटणं आणि गुणाबाईचं "गप" एवढं ऐकू आलं.

परतताना मी जवळजवळ ओरडलेच. "पुढचं का नाही सांगितलंत? नक्कल होती म्हणून का नाही सांगितलंत?"

"तिनं विचारलं, बोललीस का. बोललेच होते. माझ्याच तोंडानं." थोडं चालून त्या म्हणाल्या, "'पण' लावून सुटणारी पोरं मी आयुष्यभर बाकावर उभी केली. आता मी सुटू?"

दुपारी ग्रामसभा. शाळेच्याच खोलीत. बाईंना बोलावणं आलं होतं. आता नीट ऐका, कारण इथं माझं डोकं अजून फिरतं. ज्या तात्यांचे ते शब्द, ते तात्या उभे राहिले, गळा दाटून आल्यासारखा केला आणि म्हणाले, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. गरिबाच्या लेकरांबद्दल असं बोलावं का? वस्तीवरची मानसं बी आपलीच हायत. लई मनाला लागलं बघा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वस्तीला आपलं म्हटलं, ते हे असं. डेअरीवर रांगेत हसलेले माना हलवत होते. मग तात्यांनीच सुचवलं की वातावरण तापलेलं आहे, तर थांब्याचा विषय पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेत कुणी बघितला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मी उभी राहून म्हटलं, हे शब्द कुणाचे ते डेअरीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मागून आवाज आला, "ताई, तुमी गावच्या हाय का?" हशा. माझं बोलणं तिथं संपलं.

"आता गुन्हाबिन्हा काय नको," तात्या म्हणाले. "बाई माफीचा एक व्हिडिओ करत्याल. हात जोडा, चुकलं म्हना. मिटवून टाकू. विकास, घे."

विकासनं फोन काढला आणि आडवा धरला. सगळी सभा मागे दिसावी म्हणून.

"उभा धर," बाई म्हणाल्या.

त्यानं उभा धरला. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. आधी चष्मा वर सारला. पदर सारखा केला. श्वास घेतला, तो मला शेवटच्या रांगेतही ऐकू आला. माझी खात्री होती की आता मान डावीकडे वळणार किंवा उजवीकडे. वळली नाही. त्या समोर बघत राहिल्या. थेट, फोनमध्ये. बोलल्या नाहीत. हात जोडले नाहीत.

"बोला की, बाई," तात्या म्हणाले.

त्या समोर बघत होत्या.

विकासनं फोनाआडून मान बाहेर काढली. "बाई, परत घेऊ का?"

"परत नाही," बाई म्हणाल्या. "झालं."

त्या खोलीत बसलेले बहुतेक सगळे त्याच खोलीत त्यांच्याकडून शिकलेले होते. टेम्पोवाले, पंच, डेअरीचे हसरे, दाराशी घोळक्यानं उभ्या असलेल्या बायका. मधोमध कोण असतं आणि ती गप्प का असते, हे प्रत्येकाला पाठ होतं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. प्रत्येकाला कळलेलं होतं. एकानंही हात वर केला नाही. काही जण फरशी बघत होते. एकीनं पदर तोंडाला लावला. बस्स. एवढीच गावाची गुरुदक्षिणा.

माफी नव्हती म्हणून तो व्हिडिओ कुणी टाकला नाही. कापलेला मात्र फिरत राहिला. बाईंच्या दारावरून जाणारे हळू आवाजात त्याच ओळी म्हणत जायचे. गिरणीवर त्यांचं दळण सगळ्यात शेवटी पडायला लागलं. वस्तीवरची पोरं शिकवणीला यायची, ती बंद झाली. त्यांनी पोळपाटाचे चिमटे काढून कपड्यांच्या दोरीला लावले. वीज जायची, गिरणी थांबायची, आणि बाई केस विंचरायला बसायच्या नाहीत. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

पोळ्याच्या आधी त्या श्रीरामपूरला बहिणीकडे निघाल्या. एक पिशवी, एक ट्रंक. मी कर्जतपर्यंत सोबत होते. सकाळची गाडी, शाळेच्या पोरांनी भरलेली. बाई खिडकीशी बसल्या, कुणाची नजर टाळत नव्हत्या, पण त्यांच्या नजरेला नजर देणारं गाडीत कुणी नव्हतं. गाडी गावाबाहेर पडली. माळवस्तीचा फाटा जवळ आला तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

फाट्यावर मनीषा होती. दप्तर पाठीला, गावाच्या दिशेनं चाललेली. म्हणजे ज्या गाडीसाठी ती चालली होती, ती आमचीच.

"कंडक्टर, गाडी थांबवा," बाई म्हणाल्या. वर्गातला आवाज.

कंडक्टर त्यांच्याच शाळेतला नव्हता, बाहेरचा होता. तो चांगुलपणानंच म्हणाला, "बाई, हितं थांबा न्हाई."

"हो का नाही?" बाई म्हणाल्या.

त्याला काही कळलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मनीषा बाजूला झाली, वर बघितलं. खिडकीत तिला बाई दिसल्या असतील. तिनं हात वर केला, तो गाडीला थांबवायला की बाईंना, हे मला आजही सांगता येणार नाही. गाडी गेली. बाई खिडकीच्या गजाला धरून मागे वळलेल्या, उजवीकडे मान, तोंड किंचित उघडं, बोलायच्या आधी घेतात तसा श्वास घेतलेला. बोलल्या नाहीत. कर्जत येईपर्यंत त्या तशाच होत्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या अशाच.

आता त्या फोन बंद ठेवतात. बहीण सांगते, बऱ्या आहेत, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात, गात नाहीत. मनीषा अजून चालते. चालणं जमेल त्या दिवशी शाळा, नाही त्या दिवशी नाही. आणि असे दिवस वाढत चाललेत.

तर माझी मागणी. ती ग्रामपंचायतीकडे नाही, डेपोकडे नाही. तुमच्याकडे आहे. क्लिप पुसून हात झटकू नका. खाली 'सॉरी बाई' लिहून मोकळे होऊ नका. पूर्ण व्हिडिओ पुढे पाठवला की फिटलं, असंही समजू नका. गुणाबाईनं सांगितलंय, फोनानं तिला लई दावलं. कर्जत गाडीनं या, गावात उतरा आणि मनीषा चालते त्या रस्त्यानं उलटं चालत माळवस्तीवर जा. फोन खिशात ठेवा. गुणाबाईसमोर उभे राहा. 'पण' नंतर. आधी तिला तोंडानं सांगा: ते शब्द बाईंचे नव्हते. आमचे होते.